कल्याणहून आणलेली भिंत

"'...आणि भर ओहोटीच्या ओढीत खाडीत उडी टाकून,'" उत्तमराव परचुरे मोठ्यानं वाचत होते, "'कचेरीची वाहून चाललेली दप्तरपेटी ज्यांनी कळव्याच्या बाजूस ओढून काढली, ते येथील होतकरू उमेदवार रा. रा. उत्तम परचुरे...' अरेच्चा! हा तर मीच की!"

ओटीवर जमलेली सगळी आळी हसली. त्र्यंबकराव आगाशे तेवढे हसले नाहीत. पानाला लावायला घेतलेला चुना त्यांच्या बोटावरच राहिला आणि पान मांडीवरून खाली घसरलं, तेही त्यांना कळलं नाही.

शके अठराशे चौदाचा चैत्र. त्या काळी ठाण्याच्या या आळीत वर्तमानपत्राचा एकच अंक येई, तो उत्तमरावांकडे. दर रविवारी संध्याकाळी उत्तमराव ओटीवर बसून तो वाचत आणि बाकीचे ऐकत. आता रामनवमी तोंडावर आली होती, उन्हाळा मी म्हणत होता आणि ठाण्यात काडीची बातमी घडत नव्हती. तेव्हा संपादक मारुतरावांनी जागा भरायला एक नवंच सदर काढलं, 'पंचवीस वर्षांपूर्वी या दिवशी.' जुन्या अंकातला एक दिवस उचलायचा आणि जसाच्या तसा छापायचा. त्या दिवसाच्या बातम्याही काय एकेक! कोपर गावी वाघ आला असे कळते, परंतु पाहणाराने तो अंधारात पाहिला असल्यामुळे बैलही असू शकेल. मुंबईहून आलेल्या एका गृहस्थाने भर बाजारात छत्री उघडल्यामुळे बैल बुजले. गृहस्थ सापडले, छत्रीचा शोध चालू आहे. खडवलीस अतिशय उकडते. आणि सगळ्यांत शेवटी ही उत्तमरावांची उडी.

आता पंचवीस वर्षांची शिळी गोष्ट ती. तिचं कुणाला काय? पण माणसाचा स्वभावच असा की छापून आलं की ताजं वाटतं. कालपर्यंत ज्यांना उत्तमरावांची उडी आठवतही नव्हती ते आज त्यांच्या दंडाकडे कौतुकानं बघायला लागले.

"पोहायला कुठं शिकलात हो?" कुणीतरी विचारलं.

"आणि कपडे कोणी सांभाळले होते, ते नाही छापलं?" त्र्यंबकराव एकदम म्हणाले. "तासभर उन्हात उभा होतो मी. पागोटं, उपरणं, जोडे, सगळं माझ्या हातात!"

"खरंय," उत्तमराव म्हणाले. "यांनी सांभाळले म्हणून तर मी निर्धास्त उडी मारली."

हे असं बोलणं त्र्यंबकरावांना मुळीच खपत नसे. माणसानं उलट टाकून बोलावं, भांडावं, म्हणजे आपल्यालाही चार शब्द बोलता येतात. पण हा गृहस्थ कायम गोड! दोघं एकाच दिवशी कचेरीत उमेदवार, म्हणजे शिकाऊ कारकून, म्हणून लागले. उत्तमराव शिरस्तेदार होऊन घरी बसले आणि त्र्यंबकराव नुसते अव्वल कारकून. दोघांनी परसात एकाच दिवशी फणस लावला. उत्तमरावांचा बुंध्यापासून लागायचा, त्र्यंबकरावांच्या झाडाला पानं उत्तम येत. उत्तमरावांच्या विहिरीला वैशाखातही पाणी, त्र्यंबकरावांची पाडव्यालाच तळ दाखवायची. देवानं आपला वाटा शेजारच्या घरी टाकून दिलाय आणि तो परत मागायची सोय ठेवलेली नाही, असं त्र्यंबकरावांचं पक्कं मत झालं होतं.

तेवढ्यात काळुरामशेट वाण्यांनी तोंड उघडलं. आळीतल्या रामाच्या देवळाचा कारभार यांच्याकडे. "म्हणजे उत्तमराव, तुमच्या पराक्रमाला पंचवीस वर्षं झाली म्हणा की! आणि बुधवारी रामनवमी. योग कसा जुळून आलाय बघा."

त्र्यंबकरावांनी चुन्याचं बोट तसंच धोतराला पुसलं. रामजन्माच्या वेळी पाळण्यापुढचा पहिला नारळ आळीतल्या मानकऱ्याच्या हातात पडे. तेरा वर्षं ते त्या नारळाची वाट बघत होते. तेरा वर्षं! एके वर्षी तर तो गावात नुकत्याच आलेल्या पोस्टमास्तराला मिळाला. उत्तमरावांना तर कधीच मिळून गेला होता. शेवटी यंदा पाडव्याला काळुरामशेट स्वतःच्या तोंडानं म्हणाले होते, "त्र्यंबकराव, यंदा तुम्ही." घरी सखुबाईंनी त्यासाठी पीतांबर उन्हात घालून ठेवलेला होता.

"शेटजी," त्र्यंबकराव घसा साफ करत म्हणाले, "पाडव्याला तुम्ही काय बोलला होता?"

"बोललो होतो हो. पण आता हे छापूनच आलं. लोक म्हणतील, पंचांना अक्षरओळख आहे की नाही?"

"छापून माझंही आलेलं आहे! त्याच वर्षी! यांच्या आधी महिनाभर!" आणि त्र्यंबकरावांनी डोळे मिटून म्हणायला सुरुवात केली, "'कल्याण स्टेशनावर बडे साहेबांचे स्वागतार्थ ठाण्याचे रा. रा. त्र्यंबक विठ्ठल आगाशे यांनी स्वकृत पद्य असे काही गायिले, की साहेबांची मान अखेरपर्यंत डोलत होती, मेमसाहेबांचे नेत्र पाणावले व आगगाडीदेखील दहा मिनिटे जागची हलली नाही.'"

आळीला हे पाठ होतं. मुंजीत, बारशात, एकदा तर तेराव्याच्या पंगतीतसुद्धा आळीनं ते ऐकलं होतं.

"ऐकलंय हो," काळुरामशेट म्हणाले. "पण बघितलंय कुणी? उत्तमरावांचं हे समोर आहे. तुमचं कुठं आहे?"

"आणून दाखवतो!"

"बुधवारी बाराच्या आत आणा. नारळ तुमचा."

इथं उत्तमरावांचा चेहरा जरा चमत्कारिक झाला. चष्मा काढून ते घाईघाईनं म्हणाले, "अहो शेट, अंक कशाला हवाय? त्र्यंबकरावांनाच द्या की नारळ. मला एकदा मिळालाय. जुनं कशाला उकरून काढायचं?"

"भीक नकोय मला!" त्र्यंबकराव ताडकन उठले. "बघितलंत? अंक म्हटल्याबरोबर यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पोटात दुखतंय! अंक आणीन, इथं सगळ्यांपुढे वाचायला लावीन आणि मगच नारळाला हात लावीन."

आता तुम्ही विचाराल, पंचवीस वर्षं छाती फुगवून सांगितलं, मग तो अंक जपून का नाही ठेवला? त्याचं कारण त्र्यंबकरावांचं सोवळं. छापायच्या शाईत चरबी असते म्हणून छापील कागदाला शिवायचं नाही, असा त्यांच्या वडिलांचा दंडक होता. ठाण्यातल्या बाकी सगळ्यांनी तो केव्हाच सोडून दिला. पंचांगंसुद्धा छापील झाली. पण त्र्यंबकरावांनी धरून ठेवला, कारण 'सोवळं पाळावं तर आगाश्यांनी' असं चार लोक म्हणत आणि त्यांच्याबद्दल चार लोक एवढंच काय ते म्हणत. कचेरीतल्या छापील कागदांना मात्र ते खुशाल हात लावत. पगाराच्या कागदाला विटाळ नसतो, असं त्यांचं म्हणणं. ती स्वागताची बातमी आली त्या दिवशी घरी वडिलांचं श्राद्ध होतं. त्र्यंबकराव ओल्या पंच्यानं पाटावर बसलेले. अंक घेऊन धावत आला तो उत्तम. त्यानंच अंगणात उभं राहून लांबून वाचून दाखवला. एकदाच ऐकलं, पण शब्द न् शब्द काळजावर कोरला गेला.

घरी आल्यावर त्र्यंबकराव पानावर बसले आणि तसेच उठले.

"इकडून आज जेवणावर राग का?" सखुबाईंनी विचारलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, 'तुम्ही'सुद्धा म्हणायचं नाही, आणि तरी नवऱ्याला जे सुनवायचं ते सगळं सुनवायचं, ही कला त्या काळच्या बायकांना अवगत होती.

"तो परचुऱ्या माझा नारळ घेतोय."

"घेईना. त्याच्याकडे गेला तर निदान अर्धी कवड तरी घरी येईल. इकडून मिळाला तर देव्हाऱ्यात ठेवून नासवायचा, हे काय मला ठाऊक नाही?"

सोमवारी सकाळी त्र्यंबकराव छापखान्यात मारुतरावांसमोर उभे राहिले. संपादक, खिळे जुळवणारे जुळारी आणि चिकटवणारे असे तिन्ही मारुतरावच. त्यांनी कपाट उघडलं आणि हळहळले. "त्या वर्षाची फाइल वाळवीनं खाल्ली हो. हा एक अंक तेवढा उरला होता, तोच छापला."

"बरोबर उत्तमरावांचाच उरला?"

"वाळवीला काय कळतंय, त्र्यंबकराव?"

"सगळं कळतं तिला," त्र्यंबकराव म्हणाले आणि पाय आपटत घरी आले. वाळवीसुद्धा त्याच्या बाजूची!

ते डोकं धरून बसले तेव्हा सखुबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "माझ्या सगुणामावशीचे यजमान होते ना कल्याणला, त्यांच्याकडे यायचं वर्तमानपत्र. एक कागद कधी टाकला नाही त्यांनी. जाऊन बघावं."

मंगळवारी सकाळी त्र्यंबकराव कल्याणला हजर. घाईत चाळिशी घरीच राहिली. सगुणाबाई साठी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि जावईमाणूस दारात बघून हरखलेल्या. त्या सोवळ्यानं स्वयंपाकघरात होत्या, तिथूनच त्यांनी पाट दाखवला.

"वर्तमानपत्रं?" त्या म्हणाल्या. "आहेत तर! सगळी आहेत. ही काय."

त्र्यंबकरावांनी उंबऱ्यातून आत पाहिलं. मावशींचं स्वयंपाकघर कुडाचं, म्हणजे कारवीच्या काट्यांचं आणि वर शेणामातीनं लिंपलेलं. फटीतून वारा येतो म्हणून मावशींनी नवऱ्यामागे त्याची सगळी वर्तमानपत्रं खळीनं भिंतींना चिकटवून टाकली होती. वर्षांवर वर्षं! धुरानं सगळी काळीकुट्ट झालेली. पण चुलीच्या डाव्या अंगाला, मिठाच्या बरणीच्या वर, मोठ्या ठशांतली ओळ लांबूनही लागत होती, 'कल्याण स्टेशनावरील समारंभ'. आणि मथळ्यावर तीच, श्राद्धाच्या दिवसाची तारीख.

त्र्यंबकराव उंबऱ्यावरून पुढं वाकले. "मावशी, तो कागद मला हवा."

"घ्या की, जावईबापू. पण निघायचा नाही हो तो. खळ माझ्या हातची आहे. मागं एकदा ओढून बघितला, तर भिंतच आली बरोबर."

"मग भिंतच द्या."

मावशींच्या हातातली पळी तशीच राहिली. "जावयाला धोतरजोडी देतात, अंगठी देतात. भिंत दिलेली मी अजून ऐकली नाही. आणि उद्या रामनवमी, मी का उघड्यावर स्वयंपाक करू? समोरून कुत्रीमांजरी येतील."

"आज संध्याकाळच्या आत बुजवून देतो. माझा शब्द."

मग शेजारच्या गुणाजीला हाक गेली. गुणाजी कुडं घालण्यात मुरलेला. कोयता घेऊन तो आला, भिंतीकडे बघितलं, त्र्यंबकरावांकडे बघितलं आणि कोयता खाली ठेवला.

"चांगल्या घराची भित कापायची? कुनाला बाधा-बिधा झाली काय जी?"

"तुला काय करायचंय? काप तू."

"कापतू. पन भोक कोन बुजवनार? मी येकला काय काय करू? माती तुडवाया मानूस पायजे. घरची समदी उद्याच्या जत्रेला गेल्यात."

आता काय करणार? ज्यांच्या सोवळ्याचा ठाण्यात डंका, ते त्र्यंबकराव आगाशे धोतराचा काचा मारून भर दुपारी चिखलात उतरले. माती, शेण आणि भाताचा पेंढा पायांनी तुडवायला लागले. आधी कुरकुरत, मग चडफडत आणि नंतर चक्क स्वतःचं पद्य म्हणत. त्या पद्याला चौतीस श्लोक होते, म्हणून माती फार उत्तम तुडवली गेली.

"जी, तेवढं गानं थांबवता काय?" गुणाजी म्हणाला. "बैल दावं तोडतंय."

संध्याकाळी दोन हात लांब, दीड हात रुंद असा भिंतीचा तुकडा अंगणात आला आणि मावशींना नवी भिंत मिळाली. आता अंधारून आलं होतं, चाळिशी नव्हती आणि अंग शेणामातीनं भरलेलं. त्यामुळे त्र्यंबकरावांनी तुकड्यावर एक जुनेर टाकलं आणि त्याच्याकडे प्रेमानं बघत ते पडवीत आडवे झाले.

बुधवारी सकाळच्या गाडीला स्टेशनावर गार्डानं अडवलं. "हे काय आहे?"

"भिंत."

"कसली भिंत?"

"स्वयंपाकघराची. आमच्या सासुरवाडची."

गार्डानं आपलं दरांचं पुस्तक चाळलं. त्यात कोंबड्या होत्या, पालखी होती, कलेवरसुद्धा होतं. भिंत नव्हती. "हिला काय लावू मी?" तो कपाळाला हात लावून म्हणाला. शेवटी त्यानं ती 'मोडकं लाकूडसामान' म्हणून आपल्या डब्यात घेतली आणि ठाण्याला उतरवून घेताना पुन्हा एकदा त्र्यंबकरावांचं तोंड नीट बघून घेतलं.

साडेअकराला हमालाच्या डोक्यावर भिंत आणि मागं त्र्यंबकराव, अशी मिरवणूक देवळात शिरली. कीर्तन रंगात आलेलं, पण बुवांचंसुद्धा लक्ष उडालं. त्र्यंबकराव देवळाच्या विहिरीवर दोन घागरी ओतून, सखुबाईंनी आणलेला पीतांबर नेसून सभामंडपात आले. आता ते सोवळ्यात होते, म्हणजे छापील कागदाला त्यांचा हात लागणं शक्य नव्हतं. तो लागावा अशी गरजही त्यांना वाटत नव्हती.

"हे बघा!" ते गरजले. "मथळा बघा, तारीख बघा. आता वाचा कुणीतरी!"

काळुरामशेटनी वाकून पाहिलं. "'कल्याण स्टेशनावरील समारंभ.' हे आहे खरं. पण खालचं बारीक काही लागत नाही बुवा."

मारुतराव संपादक नाक टेकवून आले. नाकाला काजळी लागली, तरी अक्षर लागेना. सभामंडपात उजेड बेताचा आणि कागद तव्याच्या बुडासारखा. पाळण्याची दोरी ओढायची वेळ होत आलेली. लोक चुळबुळायला लागले. काळुरामशेट म्हणाले, "वाचता येत नसेल तर कसं करायचं, त्र्यंबकराव? भिंत काय कुणीही आणील."

तेरा वर्षांचा नारळ हातातोंडाशी येऊन चालला. आणि तेवढ्यात गर्दीतून उत्तमराव पुढं आले.

"बघू," ते म्हणाले. "मला जुन्या ठशांची सवय आहे."

त्र्यंबकरावांना वाटलं, संपलं. हा कशाला वाचतोय! लागत नाही म्हणेल आणि नारळ घेऊन जाईल. त्याच्या जागी आपण असतो तर तेच केलं असतं. उत्तमरावांनी चष्मा पुसला, भिंतीशी उकिडवे बसले, बराच वेळ बघत राहिले. मग खणखणीत आवाजात, एकदाही न अडखळता त्यांनी वाचलं, "'कल्याण स्टेशनावर बडे साहेबांचे स्वागतार्थ ठाण्याचे रा. रा. त्र्यंबक विठ्ठल आगाशे यांनी स्वकृत पद्य असे काही गायिले...'" साहेबांची मान, मेमसाहेबांचे नेत्र, आगगाडीची दहा मिनिटं, सगळं आलं. एक काना-मात्रा कमी नाही.

"वाहवा!" मारुतराव म्हणाले. "ही भिंत द्या माझ्याकडे, येत्या रविवारी छापतो."

"भिंत कशाला?" उत्तमराव लगबगीनं म्हणाले. "मीच नक्कल करून देतो. भिंत त्यांच्या घरी राहू दे. ठेवा आहे तो."

रामजन्म झाला. गुलाल उधळला आणि तो तेरा वर्षांचा नारळ एकदाचा त्र्यंबकरावांच्या ओंजळीत पडला. सखुबाईंनी डोळ्याला पदर लावला. त्र्यंबकरावांनी गर्दीत उत्तमरावांना शोधलं. तो मनुष्य एका खांबाशी सुंठवडा खात उभा होता आणि खुशीत दिसत होता. जळत कसा नाही हा? त्र्यंबकरावांना नारळाची गोडी निम्मी झाल्यासारखं वाटलं.

घरी हमालानं भिंत परसात आंब्याच्या बुंध्याला टेकवून ठेवली होती. भर दुपारचं ऊन तिच्यावर तिरकं पडलं होतं आणि त्या उन्हात काजळीखालची अक्षरं चक्क वर आली होती. त्र्यंबकरावांना राहवेना. आयुष्यात एकदा आपलं छापील नाव आपल्या डोळ्यांनी बघावं, मग हवी तर पुन्हा आंघोळ करू! त्यांनी चाळिशी लावली, इकडेतिकडे बघितलं आणि कागदावर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.

'परवा बडे साहेब घाटाकडे जाण्यास निघाले असता ठाण्याच्या कोणा एका उमेदवाराने पद्य म्हणण्यास आरंभ केला. तेविसाव्या श्लोकास साहेबांची मान डोलू लागली, परंतु ती झोपेने. मेमसाहेब डोळ्यांस रुमाल लावून, येथे कोणी वारले काय, असे विचारीत होत्या. गाडी दहा मिनिटे खोळंबली, कारण दोन श्लोकांमध्ये गार्डास शिटी फुंकण्यापुरतीही जागा सापडेना. सदर उमेदवाराचे नाव आम्हांस ठाऊक आहे. परंतु त्याचे घरी वृद्ध माता असल्यामुळे देत नाही. — एक प्रेक्षक.'

त्र्यंबकरावांनी तीनदा वाचलं. नाव तिन्ही वेळा नव्हतं. पंचवीस वर्षं आपण जे छाती काढून सांगितलं ते कुठंच छापलेलं नव्हतं. ते सगळं उत्तमनं आपल्या पदरचं वाचलं होतं. आणि आज पुन्हा, रामापुढे, हातचा नारळ सोडून! लाज वाटली, डोळे भरून आले आणि दुसऱ्याच क्षणी अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे चांगुलपणातही हा माझ्या पुढेच! नारळ उचलून ते तडक कुंपणापलीकडे गेले.

उत्तमराव ओटीवर वारा घेत पडले होते. त्र्यंबकरावांचा चेहरा बघून ते उठून बसले. "वाचलंत वाटतं."

"वाचलं. तुम्हाला ठाऊक होतं सगळं. दया केलीत माझ्यावर? कोण तो मेला प्रेक्षक? त्याचं नाव सांगा आधी!"

उत्तमरावांनी पंखा खाली ठेवला. मग खाली मान घालून म्हणाले, "मीच तो."

"काय?"

"मीच लिहून पाठवलं होतं. साहेबांपुढे पद्य म्हणायला मला निवडतील असं वाटलं होतं. मी पण केलं होतं पद्य. निवड तुमची झाली. त्र्यंबकराव, आठ दिवस अन्न गोड लागलं नाही मला. तुमचा आवाज, तुमचं ते पागोटं, स्टेशनावर सगळे तुमच्याकडे बघतायत... नुसता जळत होतो."

त्र्यंबकराव हळूच ओटीच्या कडेला टेकले. "कोणावर?"

"तुमच्यावर."

"नीट सांगा. माझ्यावर म्हणजे?"

"तुमच्यावर हो! छापून आलं तेव्हा आनंदानं नाचलो. अंक घेऊन तुमच्याकडे पळत आलो तो तोंडावर वाचून दाखवायलाच. तर तुम्ही पाटावरून मान वळवून विचारलंत, 'आलंय का रे काही?' तुमचं ते तोंड बघून जीभ रेटेना. मग सुचेल ते वाचलं. घरी गेलो तर पुन्हा जळफळाट. म्हटलं, आपलंही नाव यायलाच पाहिजे काहीतरी करून. म्हणून ती खाडीत उडी. मला कुठं धड पोहता येत होतं! पेटीला धरून तरंगलो म्हणून वाचलो."

"खाडीत उडीसुद्धा माझ्यामुळेच?"

"तुमच्यामुळेच. मला क्षमा करा."

उत्तमराव आता त्र्यंबकरावांच्या रागावण्याची वाट बघत होते. पण त्र्यंबकरावांच्या चेहऱ्यावर अशी काही प्रभा पसरली होती, की ती पाळण्यापुढे नारळ घेतानाही पसरली नव्हती. त्यांनी उत्तमरावांचा हात धरला. "आठ दिवस अन्न गोड लागलं नाही?"

"नाही."

"एकही दिवस नाही?"

"एकही नाही."

"बरं, बरं. असं मनाला लावून घेऊ नये, उत्तमराव," त्र्यंबकराव मायेनं म्हणाले. आणि मानाचा नारळ त्यांनी उत्तमरावांच्या मांडीवर ठेवला. "हा ठेवा तुम्ही. मला नको आता."

घरी सखुबाई पानं मांडून वाट बघत होत्या. नवरा रिकाम्या हातानं आणि हसऱ्या तोंडानं आलेला बघून त्या चकित झाल्या. "नारळ कुठं ठेवायचं झालं?"

"उत्तमरावांना देऊन आलो."

"अगंबाई! तेरा वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला तो नारळ?"

"काय करणार? बिचारा पंचवीस वर्षं माझ्यावर जळतोय. आजच त्यानं स्वतः कबूल केलं. शिरस्तेदार झाला, नाव झालं, पण मनातून हेवा माझाच!"

सखुबाईंचे डोळे विस्फारले. "मग हे आळीत सांगायला नको का? मी आत्ता जाते काळुरामशेटांच्या बायकोकडे."

त्र्यंबकरावांनी मोठ्या उत्साहानं तोंड उघडलं. सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार. तो का जळत होता, जळून त्यानं काय केलं आणि काय लिहिलं. त्यांनी मागच्या दारातून परसातल्या भिंतीकडे एकदा बघितलं. ती उन्हात लख्ख वाचता येत होती. त्यांनी तोंड मिटलं.

"नको," ते पाटावर बसत म्हणाले. "मोठ्या माणसांनी असल्या गोष्टी बोलायच्या नसतात. आणि हे बघ, जेवण झालं की ती भिंत आधी बंबात घाल."